पोपच्या सोशल मीडियाकडून नाशिकच्या व्यावसायिकांनी काय घ्यावं, काय घेऊ नये

२१ एप्रिल २०२५ रोजी पोप फ्रान्सिस यांचं निधन झालं. त्यानंतर एक्सवरच्या, म्हणजे पूर्वीच्या ट्विटरवरच्या, ‘पोंटिफेक्स’ (पोपच्या पदाचं लॅटिन नाव) खात्यावरून त्यांचं नाव आणि फोटो उतरवला गेला आणि तिथे पोपचं धर्मपीठ रिकामं असल्याचं लॅटिन नाव लागलं. ८ मे रोजी लिओ चौदावे निवडले गेले आणि त्याच महिन्यात तेच खातं त्यांच्या नावाने बोलू लागलं. नऊ भाषांत मिळून पाच कोटींहून जास्त लोकांचा गोतावळा. माणूस बदलला, पण गोतावळ्याला नवा पत्ता शोधत फिरावं लागलं नाही.

नाशिकमधल्या छोट्या व्यवसायांची सोशल मीडियाची कामं मी पाहतो, त्यामुळे ही घटना मला धर्मापेक्षा व्यवहाराच्या बाजूने जास्त भिडली. मेनरोडपासून गंगापूर रोडपर्यंत कितीतरी दुकानांची पेजेस आज बेवारस पडली आहेत. पेज उघडून देणारा मुलगा काम सोडून गेला, पासवर्ड त्याच्याच मोबाइलमध्ये राहिला. पेजवर २०१९ चा दिवाळी सेल अजून झळकतोय आणि फोन नंबर कधीच बंद झालेला. दोन हजार वर्षांची परंपरा सांगणारी संस्था जे जपते, ते वीस वर्षांच्या दुकानाला जमत नाही, याचं कारण पैसा नव्हे. घडी बसवलेली नसते, एवढंच. ती घडी कशी बसवायची ते सांगतो.

आधी किल्ल्या ताब्यात घ्या

पोंटिफेक्स खात्यावरून पहिलं ट्विट १२ डिसेंबर २०१२ रोजी, तेव्हाचे पोप बेनेडिक्ट सोळावे यांच्या काळात गेलं. खात्याला नाव व्यक्तीचं दिलं नाही, पदाचं दिलं. म्हणून फेब्रुवारी २०१३ मध्ये त्यांनी पद सोडल्यावर महिन्याभरात फ्रान्सिस त्याच खात्यावरून बोलू शकले आणि बारा वर्षांनी लिओसुद्धा. याउलट १९ मार्च २०१६ रोजी फ्रान्सिस यांचं इन्स्टाग्राम सुरू झालं ते ‘फ्रान्सिस्कुस’ या त्यांच्या स्वतःच्या नावाने. पहिल्या बारा तासांत तिथे दहा लाख लोक आले. पण ते गेल्यावर ते खातं स्मृती म्हणून जतन करावं लागलं आणि लिओंसाठी इन्स्टाग्रामवर वेगळं खातं उघडावं लागलं. एकाच संस्थेने केलेल्या दोन निवडी आणि त्यांचे दोन परिणाम असे समोरासमोर आहेत.

तेव्हा खातं दुकानाच्या नावाने काढा. मालकाच्या नावाने नको आणि ‘२०२५ ऑफर’ किंवा ‘कॉलेज रोड शाखा’ अशा उद्या बदलणाऱ्या नावानेही नको. वडिलांकडून दुकान मुलाकडे येतं तेव्हा पाटी तीच राहते, तसं खातंही राहिलं पाहिजे. डॉक्टर, वकील, गायनाचे क्लास घेणाऱ्या बाई, यांचं वेगळं. तिथे माणूस हाच व्यवसाय असतो, त्यांनी खुशाल स्वतःचं नाव लावावं.

मग पुढची कामं, एका रविवारी उरकण्यासारखी. दुकानासाठी वेगळं सिमकार्ड घ्या आणि वेगळा ईमेल काढा. फेसबुक पेज, इन्स्टाग्राम, व्हॉट्सअॅप बिझनेस आणि गुगल बिझनेस प्रोफाइल, चारही त्या नंबर-ईमेलवर आणा. मेटाच्या बिझनेस सूटमध्ये पूर्ण अधिकार दोघांनाच द्या, तुम्ही आणि घरातलं एक माणूस. पोस्ट टाकणाऱ्या मुलाला किंवा एजन्सीला फक्त पोस्ट टाकण्यापुरती मुभा ठेवा. ती देता येते आणि एका क्लिकवर काढूनही घेता येते. पासवर्डसोबत ओटीपीची दुहेरी पडताळणी सुरू करा. त्या वेळी मिळणारे बॅकअप कोड कागदावर उतरवून गुमास्ता लायसन्सच्या फाइलमध्ये ठेवा. मोबाइल गोदेत पडला तरी दुकान उघडं राहायला हवं.

किल्ल्यांवर माझा इतका भर का? नोव्हेंबर २०२० मध्ये फ्रान्सिस यांच्या इन्स्टाग्राम खात्यावरून ब्राझीलमधल्या एका मॉडेलच्या फोटोला लाइक गेल्याचं लोकांनी पाहिलं आणि जगभर बातमी झाली. खातं पोप स्वतः चालवत नव्हते, त्यासाठी माणसं नेमलेली होती. तरी नाव पोपचंच छापून आलं. तुमच्या दुकानाच्या खात्यावरून रात्री बारा वाजता एखाद्या राजकीय भांडणात कमेंट पडली, तर ती कोणी टाकली हे गिऱ्हाईक विचारत बसणार नाही. म्हणून एकच नियम करा. दुकानाच्या खात्यावरून पोस्ट टाकायची, उत्तर द्यायचं आणि बाहेर पडायचं. रील बघायचं ते आपापल्या खात्यावर.

बेनेडिक्ट यांनी पद सोडलं तेव्हा त्यांची जुनी ट्विट्स व्हॅटिकनने वेगळी जतन करून ठेवली. आपणही वर्षातून एकदा, लक्ष्मीपूजनाला वह्या बदलतात त्या सुमारास, खात्याच्या सेटिंगमध्ये जाऊन सगळा डेटा डाउनलोड करून पेनड्राइव्हवर ठेवावा. खातं हॅक झालं तर फोटो आणि जुना मजकूर तरी हाती राहतो.

गिऱ्हाइकाच्या भाषेत बोला

पोंटिफेक्स सुरू झालं ते आठ भाषांत, अरबी आणि पोलिशसह. नववी लॅटिन पुढच्या महिन्यात आली. प्रत्येक भाषेचं खातं वेगळं. नाशिकरोडच्या बाळ येशू मंदिरात फेब्रुवारीत यात्रा भरते तेव्हाही मराठी, इंग्रजी, कोंकणी अशा वेगवेगळ्या भाषांत मिस्सा, म्हणजे चर्चमधल्या सामूहिक उपासना, होतात. आलेल्या माणसाला त्याच्या भाषेत बोलावं, हे त्या परंपरेत मुरलेलं आहे.

आपण मात्र ‘अथेंटिक टेस्ट ऑफ नाशिक’ असं इंग्रजीत लिहितो आणि ते वाचणारा पाथर्डी फाट्याचा असतो! तुमचं गिऱ्हाईक कोण, हे गल्ल्यावर बसून आठवडाभर ऐका. सिडकोतल्या किराणा दुकानाला मराठी पुरे. पंचवटीतल्या लॉजला हिंदी हवीच, आणि त्र्यंबकेश्वरला पूजेचं साहित्य विकणाऱ्याने गुजरातीत चार ओळी लिहून घेतल्या तर सुरतेहून येणारं कुटुंब थांबतं. त्यासाठी नऊ खाती काढायची गरज नाही. एका खात्यावर वर मराठी, खाली हिंदी, इतकं बास. दुकानाचं नाव आणि वस्तू देवनागरीत लिहा, तशीच रोमन लिपीतही लिहा, कारण लोक शोधताना दोन्हींत शोधतात. भाषांतराच्या मशीनने केलेली हिंदी-गुजराती त्या भाषेच्या माणसाला दाखवल्याशिवाय टाकू नका.

एका पोस्टमध्ये एकच गोष्ट

ट्विटर तेव्हा १४० अक्षरांचं होतं. त्यात धर्मगुरूंना प्रवचन बसवता येत नव्हतं, म्हणून एक विचार, एक वाक्य अशी सवय लागली. २०१७ मध्ये मर्यादा २८० झाली, तरी ट्विट्स आखूडच राहिली. जून २०१५ मध्ये पर्यावरणावरचं ‘लाउदातो सी’ हे मोठं परिपत्रक आलं तेव्हा त्यातली वाक्यं सुटी करून दिवसभरात डझनावारी ट्विट्स सोडली होती. पुस्तकभर मजकूर वाचायला कोणी बसलं नसतं. एकेक वाक्य मात्र लोकांनी पुढे पाठवलं.

नाशिकच्या चिवड्याचं उदाहरण घेऊ. नेहमीची पोस्ट अशी असते: ‘गुणवत्ता आणि विश्वासाची परंपरा! सर्व प्रकारचे चिवडे, फरसाण, लोणची, पापड मिळतील. लग्नसमारंभाच्या ऑर्डर स्वीकारल्या जातात. आजच भेट द्या!’ यात वाचण्यासारखं काहीच नाही. आता हे पाहा: ‘आज सकाळचा घाणा. पोहे कढईतून काढले तेव्हा नऊ वाजले होते. बारीक कांदा, कोथिंबीर आणि लिंबू घरचं घ्या. पाकीट संध्याकाळी सातपर्यंत दुकानात.’ लोणच्याची पोस्ट उद्या. लग्नाच्या ऑर्डरची तुळशीच्या लग्नानंतर.

इन्स्टाग्रामवर सुरुवातीच्या एक-दोन ओळीच दिसतात, बाकीचं दाबल्यावर उघडतं. म्हणून वस्तू, वेळ आणि ठिकाण पहिल्या ओळीत आलं पाहिजे. हॅशटॅगांची रांग लावू नका, तीन-चार पुरेत.

आधी काम, मग त्याचा फोटो

सगळ्यात महत्त्वाचं मला हे वाटतं. मार्च २०१३ मध्ये पोप झाल्यावर फ्रान्सिस यांनी परंपरेने मिळणारं प्रासादातलं निवासस्थान सोडून सान्ता मार्ता या अतिथीगृहात राहायचं ठरवलं. त्याच महिन्यात पवित्र गुरुवारी ते रोमच्या बालसुधारगृहात गेले आणि तिथल्या बारा मुलांचे पाय त्यांनी धुतले. त्यात मुली होत्या, मुस्लीमही होते. हे फोटो जगभर फिरले, तेव्हा त्यांचं इन्स्टाग्राम खातं जन्मालाही आलं नव्हतं. वागणं आधी होतं, खातं नंतर आलं आणि त्याने फक्त ते दाखवलं. कुठलीही एजन्सी हे उलट्या क्रमाने करून देऊ शकत नाही.

व्यवसायात याचा अर्थ साधा आहे. दाखवण्यासारखं काम रोज आपल्याकडे होतंच, आपण ते सोडून गुलाबाची चित्रं आणि ‘शुभ सकाळ’ टाकत बसतो. भांडी बाजारातल्या तांब्या-पितळेच्या दुकानदाराने हंडा मठारणाऱ्या कारागिराकडे जावं आणि तीस सेकंदांचा व्हिडिओ घ्यावा. कॅमेरा हातांजवळ ठेवा. हातोडीचा ठोका पडतो, गुळगुळीत तांब्यावर एक गोल खूण उमटते, हंडा किंचित फिरतो, तिच्या शेजारी दुसरी. बोटांच्या पेरांना काजळी लागलेली. आवाज आहे तसाच राहू द्या, वर गाणं चढवू नका. त्या ठोक्याचा नाद ऐकला की मशीनवरच्या हंड्यापेक्षा हा महाग का, हे वेगळं सांगावं लागत नाही. शेवटी कारागिराचं नाव द्या, अर्थात त्याला विचारून.

द्राक्ष बागायतदाराने फेब्रुवारीत घडाचा नुसता देखणा फोटो टाकण्यापेक्षा मणी चिरडून रिफ्रॅक्टोमीटरवर दोन थेंब टाकावेत आणि गोडीचा आकडा दिसेल असा फोटो घ्यावा. सोनाका आहे की थॉमसन, तोड कधी झाली, पेटीत किती किलो, हे त्याखाली लिहावं. मुंबई-पुण्याहून थेट मागवणाऱ्याला नेमकं तेच जाणून घ्यायचं असतं. येवल्याच्या पैठणीवाल्याने उलटी बाजू दाखवावी, कारण हातमागाची ओळख पदराच्या मागच्या बाजूला कळते आणि जाणकार गिऱ्हाईक साडी तशीच उलटून पाहतं.

फोटो मोबाइलवर निघतो, महागडा कॅमेरा नको. सकाळी नऊच्या आत किंवा दुपारी चारनंतर, खिडकीजवळ, ट्यूबलाइट बंद करून घ्या. आणि गिऱ्हाइकाचा चेहरा त्याच्या परवानगीशिवाय कधीच टाकू नका.

पंचांग डोळ्यांसमोर ठेवा

पोपचं वेळापत्रक ठरलेलं असतं. बुधवारी जाहीर भेट, रविवारी दुपारी खिडकीतून प्रार्थना. रोममध्ये असतील तर सहसा यात खंड पडत नाही आणि पोस्ट्स त्या वेळापत्रकाला धरून चालतात. नव्याचे नऊ दिवस रोज पाच पोस्ट्स आणि मग तीन महिने शुकशुकाट, असं तिथे होत नाही.

आठवड्याला दोन पोस्ट्स ठरवा, वार आणि वेळ पक्की करा आणि सहा महिने मोडू नका. विषय आपल्या गावाच्या वर्षातून घ्या. पौष वद्य एकादशीला त्र्यंबकला निवृत्तिनाथांची यात्रा, फेब्रुवारीत बाळ येशू, रंगपंचमीला जुन्या नाशिकच्या रहाडी (रंगीत पाण्याचे जुने हौद), चैत्रात रामरथ आणि वणीचा उत्सव, श्रावणात तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीची फेरी, नवरात्रात कालिकेची यात्रा. यांतल्या कुठल्या चार दिवशी तुमच्या दुकानाचा खरा संबंध येतो ते निवडा. रहाडीत उडी मारून आलेल्याला दुपारी कडकडून भूक लागते, तो दिवस मिसळवाल्याचा. फर्निचरवाल्याने रंगपंचमीची पोस्ट टाकली नाही तर काही बिघडत नाही.

इथे पोपचं अनुकरण करू नका

पोंटिफेक्स खातं लोकांच्या कमेंटला उत्तर देत बसत नाही. जगाच्या धर्मगुरूला ते चालतं, दुकानदाराला चालत नाही. आपल्याकडचं अर्धं गिऱ्हाईक पोस्टमुळे नव्हे, उत्तरामुळे येतं. ‘रविवारी चालू आहे का?’ या प्रश्नाला मंगळवारी उत्तर दिलंत तर त्या माणसाने कधीच दुसरीकडे खाल्लेलं असतं.

व्हॉट्सअॅप बिझनेसमध्ये पत्ता, वेळ आणि दरपत्रक यांची तयार उत्तरं घालून ठेवा. कॅटलॉगमध्ये किमती लिहा. ‘किमतीसाठी इनबॉक्स करा’ हे वाक्य मला मनापासून खटकतं. त्यात पारदर्शकपणा नाही आणि आपण माणूस पाहून भाव सांगणार असल्याचा गिऱ्हाइकाला वास येतो. दुकान बंद झाल्यावर आपोआप जाणारा निरोपही लावा, पण त्यात उद्या किती वाजता उत्तर मिळेल ते सांगा आणि त्या शब्दाला जागा.

गुगलवरच्या वाईट रिव्ह्यूला उत्तर द्यायची पद्धत बहुतेकांची चुकते. एकतर भांडतात, नाहीतर ‘गैरसोय झाली असल्यास क्षमस्व’ असं कोरडं चिकटवतात. ‘असल्यास’ कशाला? झालीच आहे, तो सांगतोय. असं लिहून पाहा: ‘नमस्कार. रविवारी तुम्हाला पाऊण तास थांबावं लागलं, याबद्दल आम्ही दिलगीर आहोत. सकाळी नऊ ते अकरा आमच्याकडे फार गर्दी असते. पुढच्या वेळी निघताना या नंबरवर कळवा, टेबल राखून ठेवतो.’ हे उत्तर त्या एका माणसासाठी नसतं. पुढे तो रिव्ह्यू वाचणाऱ्या प्रत्येकाला गर्दीची वेळ कळते आणि तुमचा स्वभावही. उत्तराखाली आपलं नाव लिहा. ‘टीम मॅनेजमेंट’ नको.

खोटं चित्र घरात घेऊ नका

मार्च २०२३ मध्ये पांढरा फुगीर कोट घातलेल्या पोप फ्रान्सिस यांचा फोटो सगळीकडे फिरला. तो मिडजर्नी या एआयवर बनवलेला होता आणि भल्याभल्यांना खरा वाटला. त्याआधी पाच वर्षं, २०१८ च्या जागतिक संपर्क दिनाच्या संदेशासाठी फ्रान्सिस यांनी खोट्या बातम्या हाच विषय घेतला होता.

एआयने काढलेल्या मिसळीत तर्री सुंदर चमकते. ती बघून आलेल्या माणसाच्या पुढ्यात वेगळीच मिसळ येते आणि त्याचा विश्वास तिथेच उडतो. सणाच्या शुभेच्छांच्या चित्राला एआय वापरा, हरकत नाही. विकायच्या वस्तूचा, जागेचा, खोलीचा फोटो मात्र खराच हवा. लॉजवाल्यांना हे विशेष सांगतो. खिडकीतून गोदावरी दिसत नसेल तर फोटोतही दिसता कामा नये. आणि महिन्यातून एकदा आपल्या दुकानाचं नाव स्वतः शोधून पाहा. नकली पेज काढून आगाऊ पैसे घेणारे भामटे असतात. तसं पेज सापडलं तर लगेच रिपोर्ट करा आणि आपल्या खऱ्या पेजवर सूचना पिन करून ठेवा.

कधी थांबायचं

कोरोनाच्या काळात, २७ मार्च २०२० च्या संध्याकाळी पावसात, रिकाम्या सेंट पीटर्स चौकात फ्रान्सिस एकटे उभे राहून प्रार्थना करत होते. त्या दिवशी जगाला त्याहून जास्त काही नको होतं. आपल्याकडे निफाड-दिंडोरीत गारपीट होऊन बागा झोपतात, त्याच संध्याकाळी ‘धमाका ऑफर’ची आधीच वेळ लावून ठेवलेली पोस्ट सुटते. अशा वेळी शेड्यूल केलेल्या पोस्ट्स लगेच थांबवा, दोन दिवस गप्प राहा. खतं-औषधांचं दुकान असेल तर पंचनाम्यासाठी कुठे अर्ज करायचा, कागद कुठले लागतात, ही माहिती टाका. तुमच्या शेतकरी गिऱ्हाइकाला तेव्हा तेवढीच हवी असते.

हिशोब आणि सिंहस्थाची तयारी

फॉलोअर्स किती वाढले, हे मी क्लायंटला पहिलं वर्षभर विचारूही देत नाही. गल्ल्याजवळ वही ठेवा. नव्या गिऱ्हाइकाला ‘आमच्याबद्दल कुठून कळलं?’ असं विचारा आणि उत्तर टिपा: गुगल, इन्स्टा, व्हॉट्सअॅप, ओळखीतून. गुगल प्रोफाइलमध्ये किती जणांनी फोन केला, किती जणांनी रस्ता पाहिला, ते आकडेही मिळतात. महिनाअखेरीला दोन्ही जुळवून पाहा. तीन महिन्यांत कुठे वेळ घालवायचा ते स्पष्ट होतं. पैसे देऊन पोस्ट बूस्ट करायची ती त्यानंतर, तीही जी आपसूक चालली तीच, आणि परिसर नाशिकपुरता निवडून. अख्खा महाराष्ट्र निवडलात तर लातूरच्या माणसाला इंदिरानगरची चहाची टपरी दाखवण्यात पैसे जातील.

३१ ऑक्टोबर २०२६ ला सिंहस्थ कुंभमेळ्याचं ध्वजारोहण आहे आणि पहिलं अमृतस्नान २ ऑगस्ट २०२७ ला. बाहेरगावचा माणूस दुकान, जेवण, खोली सगळं मोबाइलवर शोधत येणार. त्याआधी गुगलच्या नकाशावर तुमच्या दुकानाची खूण नेमक्या दारावर आहे का, ते स्वतः चालत जाऊन तपासा. गोदाघाटाच्या परिसरात ती अनेकदा मागच्या गल्लीत पडलेली असते. कामाच्या वेळा खऱ्या लिहा. पर्वणीच्या दिवशी रस्ते बंद असतील, तेव्हा गाडी कुठे लावून किती पायी यावं लागेल ते हिंदी आणि मराठीत आदल्या दिवशी पोस्ट करा आणि तोच मजकूर व्हॉट्सअॅपच्या तयार उत्तरांतही घालून ठेवा. पिण्याचं पाणी, स्वच्छतागृह किंवा मोबाइल चार्ज करायची सोय देत असाल तर तेही लिहा, वस्तू विकत घेण्याची अट न घालता.